हिवाळ्याचा वाटा : सभासद-घरांसाठी सेंद्रिय भाजीपाला



थंडी पडली की भाजीपाल्याला रंग चढतो. मेथी, पालक, कोबी, फ्लॉवर, मुळा, गाजर, वाटाणा, जे लावाल ते हाताला येते. आणि नेमका याच दिवसांत बाजार पडतो. जुडी दोन-तीन रुपयांवर आली, तोडणीची मजुरीसुद्धा सुटेना म्हणून उभ्या पिकात जनावरे सोडली, अशी बातमी बहुतेक हिवाळ्यात कुठून ना कुठून येतेच. भाव पडतो, बियाण्याचा, मजुरीचा आणि टेम्पोचा खर्च मात्र जागच्या जागी राहतो.

या फेऱ्यातून थोडे बाहेर पडायचा एक मार्ग काही छोट्या सेंद्रिय शेतकऱ्यांनी धरला आहे. जवळच्या गावातली किंवा शहरातली वीस-पंचवीस घरे सभासद करून घ्यायची, हंगामाचे पैसे आधी घ्यायचे, आणि दर आठवड्याला शेतात जे पिकेल त्याचा वाटा त्या घरांना पोचवायचा. हिला आपण सभासद-शेती म्हणू. सभासद हा पिकाचा वाटेकरी, जमिनीचा नव्हे, एवढे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे सात-बाराची शंका नको. अशी शेती हिवाळ्यात कशी सांभाळावी, ते या पत्रकात सांगितले आहे.

ही पद्धत आली कुठून?

जपानमध्ये १९७१ साली तेरुओ इचिराकू यांच्या पुढाकाराने सेंद्रिय शेतीची एक संघटना स्थापन झाली. अन्नातल्या विषारी औषधांच्या धास्तीने शहरातल्या गृहिणी शेतकऱ्यांशी थेट बोलू लागल्या होत्या. त्या थेट नात्याला तिकडे ‘तेइकेई’ म्हणतात. १९७८ साली त्याची दहा तत्त्वे ठरली. पिकाची योजना दोघांनी मिळून करायची आणि ठरल्याप्रमाणे पिकलेला माल सभासदांनी उचलायचा, ही त्यातली महत्त्वाची तत्त्वे.

अमेरिकेत १९८६ साली दोन ठिकाणी अशी शेती उभी राहिली. एक मॅसॅच्युसेट्स राज्यातले ‘इंडियन लाइन फार्म’ आणि दुसरे न्यू हॅम्पशायर राज्यातले टेंपल-विल्टन. टेंपल-विल्टनची रीत ऐकण्यासारखी आहे. शेतकरी वर्षाचा खर्च सभासदांपुढे मांडतात आणि ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे आपला आकडा सांगायचा. बेरीज खर्चाएवढी भरली की बैठक संपली! आपल्याकडेही मुंबई-पुण्याच्या आसपास सभासद-शेतीचे प्रयोग झाले आहेत.

पण तिकडचा हिवाळा आणि आपला हिवाळा यांत फरक आहे, बरं का. तिकडे जमीन बर्फाखाली जाते आणि शेतकरी साठवणीतला बटाटा, गाजर, कोबी वाटतो. आपल्याकडे हिवाळा हाच भरता हंगाम, आणि ओढ लागते ती चैत्र-वैशाखात. तेव्हा आपल्या सभासद-शेतीची परीक्षा टंचाईच्या आधी सुबत्तेत होते. बाजारात भाजी स्वस्त झाली की सभासदाला वाटते, आपण उगीच पैसे भरले. शेतात कोबी फार झाला की शेतकऱ्याला वाटते, द्या प्रत्येकाला चार-चार गड्डे. या दोन्ही वेळा सांभाळल्या, तर उन्हाळ्यात सभासद तुमच्याबरोबर राहतो.

वाट्याचा हिशेब

वाट्याची किंमत बाजारभावावरून ठरवू नका, खर्चावरून ठरवा. एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत; तुम्ही आपले घालावेत.

समजा २० गुंठे भाजीपाला आहे आणि २५ सभासद-घरे आहेत. नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत १६ आठवडे वाटा द्यायचा आहे. दर घराला आठवड्याला ५ किलो भाजी धरली, तर आठवड्याची १२५ किलो आणि हंगामाची २,००० किलो झाली.

आता खर्च मांडा :

बियाणे व रोपे – ८,००० रुपये
शेणखत, पेंड, निंबोळी वगैरे – १५,००० रुपये
बाहेरची मजुरी – ३५,००० रुपये
वीज, पाणी, ठिबकची झीज – ७,००० रुपये
टेम्पो व पिशव्या – १५,००० रुपये
घरच्या माणसांची मजुरी – ४०,००० रुपये
एकूण – १,२०,००० रुपये

याला २५ घरांनी भागले की घरामागे ४,८०० रुपये, म्हणजे आठवड्याला ३०० रुपये पडतात. किलोला सरासरी ६० रुपये.

घरच्या मजुरीची ओळ कुणीही गाळू नये. आपल्याकडे घरधनीण पहाटे उठून जुड्या बांधते आणि हिशेबात तिचे नाव कुठेच येत नाही. ती ओळ वहीत असली की सभासदालाही कळते, आपण पैसे कशाचे देतो आहोत.

पैसे सारे एकदम मागू नका. निम्मे पेरणीआधी आणि निम्मे संक्रांतीपूर्वी घेतले तरी चालते. पेरणीच्या वेळी हातात रोकड आली, की सावकाराकडे किंवा दुकानाच्या उधारीकडे जावे लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा फायदा. शिवाय २०१६ साली राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आहे, त्यामुळे थेट घरी माल पोचवायला आडकाठी नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाजारात कधी भाव एकदम चढतो, तेव्हा काय? अवकाळी पावसाने आसपासची मेथी झोपली आणि जुडी पंचवीस-तीस रुपयांवर गेली, तर वाट्यातली भाजी बाजारात न्यावी का? मुळीच नेऊ नये. मंदीत सभासदाने तुम्हाला धरून ठेवले, तेजीत तुम्ही त्याला धरून ठेवायचे. आधी पंचवीस पिशव्या भरायच्या, उरेल ते बाजारात न्यायचे.

पेरणी टप्प्यांनी करा

बाजारासाठी शेतकरी एका दिवशी सगळी मेथी पेरतो आणि एका दिवशी उपटतो. सभासद-शेतीत हे चालत नाही. पंचवीस घरांना आठवड्याला दोन-दोन जुड्या म्हणजे ५० जुड्या लागतात. तेव्हा ५० जुड्या निघतील एवढेच वाफे दर आठवड्याला पेरावेत. पिकांचे दिवस साधारण असे धरा :

मेथी – २५ ते ३० दिवस
पालक – पहिली कापणी ३० ते ३५ दिवसांनी, मग फुटव्याची
मुळा – ४० ते ५० दिवस
नवलकोल – लावणीनंतर ५० ते ६० दिवस
बीट – ६० ते ७० दिवस
वाटाणा – ६० ते ७५ दिवस
कोबी, फ्लॉवर – लावणीनंतर अडीच ते तीन महिने. शिवाय रोपाला ३ ते ४ आठवडे
गाजर – ८० ते ९० दिवस

कडाक्याची थंडी पडली तर हे दिवस थोडे लांबतात, हेही ध्यानात असू द्या. कोबी-फ्लॉवरची रोपे दर पंधरवड्याला थोडी थोडी लावावीत, म्हणजे गड्डे एकदम तयार होत नाहीत. आणि गरजेपेक्षा चौथाई जास्त लावावे. कीड, पाऊस, पाखरे यांचा हक्क त्यातून जातो.

पिशवीत दर आठवड्याला दोन पालेभाज्या, दोन फळभाज्या किंवा शेंगा, एक कंद आणि चिमूट-मूठ कोथिंबीर-मिरची-आले असा मेळ बसवावा. चाकवत, चुका, शेपू, अंबाडी आणि हरभऱ्याचा कोवळा पाला या भाज्या शहरातल्या बाजारात सहज मिळत नाहीत. सभासद त्यांची वाट पाहतात. हरभरा महिना-सव्वा महिन्याचा झाला की शेंडे खुडावेत. घाट्यांना फांद्या वाढतात आणि खुडलेला पाला वाट्यात जातो. एका कामात दोन कामे होतात.

पालेभाजी दव सुकल्यावर काढावी. ओल्या जुड्या पिशवीत दाबून भरल्या की संध्याकाळपर्यंत पिवळ्या पडतात.

भोगीच्या आठवड्याची तयारी

साऱ्या हिवाळ्यात एक वाटा असा आहे की जो चुकून चालत नाही. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. त्या दिवशी गाजर, वांगे, पावटा-घेवडा, ओल्या हरभऱ्याचे सोलाणे, वाटाणा, बोरे, उसाचा करवा, असे सगळे मिळून लेकुरवाळी भाजी होते, आणि जोडीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी. शहरातल्या घराला हे सारे एका शेतातले मिळाले, तर ते घर वर्षभर आठवण ठेवते.

पण ही तयारी जानेवारीत होत नाही. उलटे दिवस मोजा. गाजर आणि हरभरा ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरलेला हवा. वाटाणा ऑक्टोबरअखेर. वांग्याची लावणी ऑगस्ट-सप्टेंबरातली. वाल-पावटा तर पावसाळ्यातच बांधाकडेला लावलेला हवा. बोरे नि ऊस आपल्याकडे नसला, तर शेजाऱ्याकडून रोखीने घ्यावा आणि पिशवीतल्या चिठ्ठीवर तसे लिहावे.

जानेवारीत ज्वारी हुरड्यावर आली की एका रविवारी सभासदांना शेतावर बोलवावे. मुले वाफ्यात बसून स्वतः गाजर उपटतील, आयाबाया खताचा ढीग पाहतील. ‘औषध मारता का हो?’ हा प्रश्न त्या दिवशी तोंडी उत्तराशिवायच सुटतो.

थंडीपासून जपणूक

उत्तर महाराष्ट्रात थंडीची लाट आली की निफाडसारख्या ठिकाणी पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली जातो. कोबी, मुळा, वाटाणा ही थंडी सोसतात. टोमॅटो, वांगी, मिरची यांना मात्र रात्रीचा पारा १० अंशांखाली गेला की त्रास होतो. फूल गळते, फळ धरत नाही. अशा वेळी पुढील गोष्टी कराव्यात :

१. लाटेचा अंदाज असेल तेव्हा संध्याकाळी हलके पाणी द्यावे. विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते आणि ओली जमीन लवकर थंड होत नाही.
२. झाडांच्या बुंध्याशी उसाचे पाचट, भुस्सा किंवा वाळले गवत पसरावे.
३. रोपवाटिका रात्री गोणपाटाने किंवा जुन्या साडीने झाकावी. सकाळी ऊन आले की उघडावी.
४. वाऱ्याच्या बाजूला शेवरी किंवा मक्याच्या दाट ओळी असाव्यात. त्या मात्र पावसाळ्यातच लावून ठेवाव्या लागतात.

एरवी थंडीत पाण्याच्या पाळ्या लांबवाव्यात. वापसा पाहूनच पाणी द्यावे. पाणी तुंबले की मुळे कुजतात.

किडी आणि रोग

ढगाळ हवा आली की मावा आलाच. पिवळे चिकट सापळे लावावेत. लाल पाठीवर काळे ठिपके असलेले ढालकिडे दिसले तर घाई करू नये. ते मावा खातात. मावा वाढतच असेल, तर ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. १० लिटर पाण्याला अर्धा किलो निंबोळीची भरड रात्रभर भिजत घालावी, सकाळी फडक्यातून गाळावी, थोडे साबणाचे पाणी मिसळावे आणि संध्याकाळी फवारावे. अर्क त्याच दिवशी वापरून संपवावा.

कोबीवर चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी येते. तिच्यासाठी मोहरीचा सापळा करावा. कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी घ्याव्यात. पहिली ओळ कोबी लावण्याआधी १५ दिवस आणि दुसरी लावणीनंतर २५ दिवसांनी पेरावी. पतंग मोहरीकडे ओढला जातो. मोहरीवर निंबोळी अर्क फवारावा आणि फार किडलेली झाडे उपटून नष्ट करावीत.

पानाला दोन-चार भोके असली तर भाजी वाट्यात द्यायला हरकत नाही. पण सडलेला गड्डा किंवा जून मुळा देऊ नये. सेंद्रिय म्हणजे कसेही चालते, असा समज सभासदाचा होऊ देऊ नका.

खताची भरणी आताच

खरिपाचा काडीकचरा, भाजीचा पाला, तूरकाट्या, सारे हिवाळ्यात हाताशी असते. ते पेटवू नका. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या पांढरीपांडे यांची ‘नाडेप’ टाकी छोट्या शेतकऱ्याला सोयीची आहे. आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच असा विटांचा हौद, भिंतीत हवेसाठी भोके. काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेणाचा काला, त्यावर चाळलेली माती, असे थर भरत जायचे. साधारण १,४०० ते १,५०० किलो काडीकचऱ्याला ९० ते १०० किलो शेण पुरते, म्हणजे एक-दोन जनावरे असली तरी भागते. वरून शेणमातीने लिंपून ओल टिकवली, की तीन-चार महिन्यांत खत तयार होते. डिसेंबरात भरलेली टाकी पुढच्या खरिपाला उपयोगी पडते.

उन्हाळ्याची बेगमी

हिवाळ्यात पिशवी भरते, ती आपोआप. उन्हाळ्यात भरायची तर आतापासून हात हलवावे लागतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेला लसूण फेब्रुवारी-मार्चात निघतो. रब्बी कांद्याची रोपे डिसेंबर-जानेवारीत लावावीत. ‘एन-२-४-१’ सारखा टिकाऊ वाण घ्यावा, माना पडल्यावर काढावा, सावलीत सुकवून चाळीत ठेवावा. थंडी ओसरू लागली की जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत भेंडी, गवार, चवळी, काकडी आणि लाल भोपळा लावावा. भोपळा घरात दोन-तीन महिने टिकतो आणि ओढीच्या आठवड्यात वाटा सावरतो.

जास्त झालेली मेथी सावलीत सुकवावी, मटार-टोमॅटोचे काय ते घरी करावे. सांडगे, वाळवणे ही तर आपल्या बायकांची जुनी विद्या. उन्हाळ्यातल्या पिशवीत त्यांची एक पुडी मोलाची ठरते.

बियाण्याचीही हीच वेळ. मेथी, पालक, वाल, वाटाणा, वांगी, टोमॅटो यांची उत्तम, निरोगी झाडे निवडून चिंधी बांधावी आणि ती तोडू नयेत. वाण सरळ असावा. संकरित वाणाचे बी धरले तर पुढे झाडे सारखी येत नाहीत. कोबीचे बी मात्र आपल्या मैदानी हवेत धरत नाही, ते विकतच घ्यावे.

पिशवीबरोबर चिठ्ठी

आता सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत टाळली जाणारी गोष्ट. दर आठवड्याच्या पिशवीत अर्ध्या पानाची चिठ्ठी घालावी. शेतात काय चालले आहे, ते साध्या भाषेत लिहावे. शाळेत जाणारी मुलगी लिहून देईल. नमुन्यादाखल एक चिठ्ठी देतो :

*“सभासद बंधू-भगिनींना नमस्कार. या आठवड्यात थंडी फार आहे. पहाटे कोबीच्या पानांवर दव गोठल्यासारखे दिसते. टोमॅटोची फुले गळाली, त्यामुळे पुढचे दोन आठवडे टोमॅटो कमी येईल. त्याऐवजी नवलकोल देत आहोत. त्याचा पाला टाकू नका, पिठले पेरून भाजी चांगली होते. मेथी बाजारात स्वस्त आहे, हे आम्हालाही माहीत आहे. आपल्या मेथीचा दर तोच आहे, कारण तिला लागलेली मजुरी तीच आहे. खताची टाकी सोमवारी भरून लिंपली. लसूण पोसतो आहे. कांद्याची लावणी निम्मी झाली. हुरड्याला यायचे त्यांनी पुढच्या पिशवीबरोबर माणसांचा आकडा कळवावा. रिकाम्या पिशव्या परत द्याव्यात.”*

पाहा, या चिठ्ठीत तक्रार नाही आणि फुशारकीही नाही. नुकसान झाले ते सांगितले, बदली काय दिले तेही सांगितले. टोमॅटो का आला नाही हे चिठ्ठीने आधी कळले, तर सभासद हवामानाकडे पाहतो. न सांगता टोमॅटो कमी आला, तर तो शेतकऱ्याकडे पाहतो.

विश्वासाला कागदाचा आधार हवा असेल, तर ‘पीजीएस-इंडिया’ ही सरकारी मान्यतेची पद्धत आहे. गावातले किंवा शेजारपाजारचे किमान पाच शेतकरी गट करून एकमेकांची शेते तपासतात. बदलाच्या काळात ‘पीजीएस-ग्रीन’ आणि पूर्ण सेंद्रिय झाल्यावर ‘पीजीएस-ऑरगॅनिक’ असा दाखला मिळतो.

माघात बैठक घ्या

हंगाम संपायच्या आधी, माघ महिन्यात, सभासदांची एक बैठक घ्यावी. वही उघडी ठेवावी. किती भाजी दिली, कोणत्या आठवड्यात कमी पडली, खर्च कुठे वाढला, सारे वाचून दाखवावे. काय आवडले, काय नको, ते विचारावे. पुढच्या वर्षीचा वाटा तिथेच ठरवावा. एखाद्या घराला पूर्ण वाटा परवडत नसेल, तर अर्धा वाटा ठेवावा, किंवा टेंपल-विल्टनसारखे ज्याला जमते त्याने थोडे जास्त भरावे.

पहिल्याच वर्षी पंचवीस घरे घेऊ नका. आठ-दहा ओळखीच्या घरांपासून सुरुवात करा आणि बाकीची जमीन नेहमीप्रमाणे चालू ठेवा. एक हिवाळा आणि एक उन्हाळा पार पडला, की तुमचे तुम्हालाच समजेल किती घरे झेपतात.

मंडळी, भरल्या हंगामात नाते जपणे सोपे वाटते, म्हणूनच तिकडे दुर्लक्ष होते. पिशवी वेळेवर जाऊ द्या, वही उघडी राहू द्या आणि चिठ्ठी चुकवू नका. आपल्या भागातल्या वाणांविषयी आणि पेरणीच्या तारखांविषयी अधिक माहितीसाठी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुका कृषी अधिकारी कार्यालयात चौकशी करावी. तुमचा हिवाळा चांगला जावो. नमस्कार.